द्विजांचा वैद्य

संस्कृत भाषेत ‘द्विज’ या शब्दाचे तीन अर्थ प्रसिद्ध आहेत. उपनयनसंस्काराने दुसरा जन्म पावणारा विप्र हा एक. आधी अंड्याच्या व मग पिलाच्या रूपाने जन्मणारा पक्षी हा दुसरा. आणि बालपणी एकदा पडून पुन्हा उगवणारा दात हा तिसरा. अमरकोशकारांनी या तिघांना एकाच चरणात शेजारी शेजारी बसविले आहे. कोशकारांची ही पंगत मोठ्या समदृष्टीची खरी. परंतु पहिल्या द्विजाचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या घरांत तिसऱ्या द्विजाची, आणि विशेषतः त्याची सेवा करणाऱ्याची, पाने काहीशी खालच्या अंगास मांडली जातात. याचा प्रत्यय गेल्या वर्षी आला, आणि तो मनातून जात नाही. म्हणून या महिन्याचा विषय वाचकांस थोडा अनपेक्षित वाटेल असा घेतला आहे.

सदाशिव पेठेतील एका जुन्या स्नेह्यांच्या घरी आम्ही सहज गेलो होतो. तीन भावांचे संसार अजून एका चुलीवर चालविणारे ते घर. स्नेह्यांच्या नातीचा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला होता. गुण चांगले होते, तथापि एम.बी.बी.एस.साठी ते थोडके कमी पडले, आणि दंतवैद्यकास प्रवेश मिळत होता. मुलीची तयारी होती. एवढेच नव्हे, तर तिला तो विषय आवडतही होता. पण घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली होती. धाकटे काका म्हणाले, ‘‘एवढी हुशार मुलगी, आणि जन्मभर लोकांच्या उष्ट्या तोंडांत हात घालणार!’’ काकूंनी पुस्ती जोडली, ‘‘आणि लोक डॉक्टर म्हणतील, तेही तोंडदेखलेच.’’ आजोबांनी आमच्याकडे पाहिले. जन्मभर मुलांना शिकविलेला माणूस. त्याने चार शब्द बोलावेत अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही चहाच्या कपात पाहत राहिलो. बोलल्या त्या फक्त आजी. त्या म्हणाल्या, ‘‘ज्यांचे स्वतःचे बत्तीस शाबूत आहेत, त्यांनी यावर बोलू नये. तीन वर्षे मी मऊ भात कालवून गिळला. भाकरीचा तुकडा पुन्हा चावला, तो दिवस मला दिवाळीसारखा आठवतो.’’

त्या मुलीस त्या वेळी जे सांगावयास हवे होते, ते आम्ही सांगितले नाही. ते आज सांगतो. आणि एका माणसाच्या चरित्राच्या द्वारा सांगतो, कारण उपदेशापेक्षा चरित्र लवकर पचते. त्या माणसाचे नाव डॉ. रफीउद्दीन अहमद. हिंदुस्थानातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय त्यांनी १९२० साली कलकत्त्यास काढले.

त्यांच्या कार्याचे मोल कळावयास त्यापूर्वीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. दाढ दुखू लागली की प्रथम लवंग, मग हिंग, मग मिश्री. त्यानेही भागले नाही, तर बाजाराच्या दिवशी वैदू गाठावा किंवा न्हाव्यापुढे तोंड उघडून बसावे, ही सर्वसाधारण रीत. दोघांनी खांदे धरावयाचे आणि तिसऱ्याने चिमटा लावावयाचा. भुईरिंगणीच्या बियांची धुरी नळीने दाढेस देऊन ‘कीड’ पाडून दाखविणाऱ्या बायकाही असत. युरोपातही अशी धुरी देण्याचा प्रघात होता, आणि तेथे किडे म्हणून दाखविले जाणारे पांढरे तंतू हे जळत्या बियांचेच कोंब होते, असे पुढे शोधकांनी उघडकीस आणले. मोठ्या शहरांतून चिनी दंतवैद्यांची दुकाने असत; त्यांच्या काचेच्या कपाटांत हसणाऱ्या कवळ्या मांडलेल्या दिसत. यांपैकी कित्येकांचे हात खरोखर कुशल होते. पण हे कसब बापाकडून मुलाकडे जाई. ते तपासण्यास परीक्षा नव्हती, लिहून ठेवण्यास ग्रंथ नव्हता, आणि चूक झाल्यास दाद मागण्यास जागा नव्हती.

वास्तविक आपल्याकडे या शास्त्राचा प्रारंभ फार जुना. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची गणना पासष्ट केली आहे. त्यांतील पंधरा हिरड्यांचे, म्हणजे दंतमूलांचे, आणि आठ प्रत्यक्ष दातांचे. दात काळा पडून त्यास भोक पडणे, तो हलणे व ठणकणे याला ‘कृमिदंतक’ म्हटले आहे. दातांवर जे कठीण कीट साचते त्याला ‘दंतशर्करा’ असे यथार्थ नाव दिले आहे. दंतधावनाची काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी, कडू रसात निंब उत्तम, तुरटात खैर उत्तम, इतका बारीक विचार तेथे आढळतो. असे असता ही विद्या बाजारात उकिडवी बसलेल्या वैदूच्या पडशीत कशी गेली? आमच्या अल्प मतीस याचे एक कारण दिसते. शास्त्र पोथीवाल्याकडे राहिले आणि हात न्हाव्याकडे गेला. पोथीवाल्यास रक्त व लाळ यांचा विटाळ; हातवाल्यास अक्षर नाही. दोघांची गाठ पडेना, आणि मध्ये रोगी ओरडत राहिला. युरोपातही फारसे निराळे घडले नाही. तेथेही दात उपटणे हे न्हाव्याचेच काम होते. फ्रान्समध्ये पिएर फोशार यांनी १७२८ साली दंतवैद्यकाचा सांगोपांग ग्रंथ लिहिला, आणि १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे जगातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा कोठे पोथी आणि हात एका छपराखाली आले. हिंदुस्थानात ते होण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली.

रफीउद्दीन अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधील बर्धनपाडा या खेड्यात झाला. अलीगढ येथे शिक्षण झाल्यावर ते अमेरिकेस गेले, आणि आयोवा विश्वविद्यालयातून १९१५ साली दंतशल्यचिकित्सेची पदवी त्यांनी मिळविली. त्यानंतर १९१८ पर्यंत त्यांनी बोस्टन येथील फोरसाइथ दंतरुग्णालयात काम केले. हे रुग्णालय १९१४ साली मुद्दाम मुलांसाठी उघडण्यात आले होते, आणि गरिबांच्या मुलांचे दात तेथे पाहिले जात. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. श्रीमंतांस सोन्याचे दात बसविणे एवढेच या विद्येचे प्रयोजन नसून, शाळेत जाणाऱ्या दरिद्री पोराची दाढ वाचविणे हेही तिचे प्रयोजन आहे, हा धडा तरुण वयात त्यांनी प्रत्यक्ष पाहिला.

१९१९ साली ते हिंदुस्थानात परतले. परदेशी पदवीचा दंतवैद्य त्या काळी या देशात दुर्मिळ. कलकत्त्यासारख्या राजधानीवजा शहरात नुसती पाटी लावली असती तरी साहेब, जमीनदार आणि व्यापारी यांची रांग लागली असती, आणि जन्माचे सार्थक द्रव्याच्या रूपाने झाले असते. त्यांनी एका वर्षाच्या आत जी पाटी लावली ती विद्यालयाची होती. एकट्याने दहा हजार दाढा काढण्यापेक्षा दहा शिष्य तयार करावेत, हा हिशेब ज्यास सुचतो तोच खरा आचार्य.

परंतु विद्यालय काढावयाचे म्हणजे पैसा हवा. आमच्या पुण्याने या बाबतीत अनेक मार्ग पाहिले आहेत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांनी अल्प वेतनावर जन्म वाहण्याची शपथ घेतली. अण्णासाहेब कर्व्यांनी झोळी घेऊन दारोदार वर्गणी मागितली, आणि त्याच १९२० साली त्यांच्या महिला विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्षांची देणगी मिळाली. डॉ. अहमद यांचा मार्ग निराळा व थोडा गमतीचा होता. त्यांनी कलकत्त्यात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या नावाचे थंड पेयांचे व आइसक्रीमचे दुकान काढले, आणि त्याच्या उत्पन्नावर दंतवैद्यकाचे विद्यालय चालविले! ज्या साखरेने दात किडतात तिच्याच नफ्यातून दातांच्या रक्षणाची विद्या उभी राहिली. विषानेच विषावर उतारा, असे वैद्यकात म्हणतात, त्याचे इतके शब्दशः उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. विनोद बाजूस ठेवला, तरी यातून एक गोष्ट उघड होते. या गृहस्थास कोणतेही काम हलके वाटत नव्हते. पदवीधर माणूस सोड्याच्या दुकानाचा मालक झाला, तो आपल्या शिष्यांस पदवी मिळावी म्हणून.

विद्यालयाचा आरंभ लहान होता. प्रथम शिक्षणक्रम अवघा एका वर्षाचा; पुढे तो क्रमाक्रमाने वाढवीत चार वर्षांवर नेला. त्या काळचे दंतवैद्यकाचे शिक्षण म्हणजे अर्धे शास्त्र व अर्धे हस्तलाघव. मेणाचे दात कोरावयाचे, प्लॅस्टरचे ठसे घ्यावयाचे, पायाने फिरवावयाच्या यंत्रावर दाताचे कोरणे फिरवीत असता पाय हलता आणि हात स्थिर राखावयाचा. विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तक नाही असे पाहून १९२८ साली त्यांनी दातांतील पोकळी भरण्याच्या विद्येवर विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक स्वतः लिहिले. तत्पूर्वी १९२५ साली ‘इंडियन डेंटल जर्नल’ हे नियतकालिक सुरू करून त्याचे संपादकत्व दोन दशके वाहिले, आणि त्याच वर्षी बंगालमधील दंतवैद्यांची संघटना स्थापिली. पाठशाळा, ग्रंथ, नियतकालिक आणि सभा ही कोणत्याही विद्येची चार पायांची बैठक होय. ती बैठक एकाच माणसाने आठ वर्षांत घालून दिली.

या विद्यालयाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. तेथे शिकून बाहेर पडलेल्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत एक मुलगी होती. तिने १९२३ साली मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्वतःचा दवाखाना उघडला. तिचे नाव फातिमा जिना. पुढे १९२९ साली वहिनीच्या मृत्यूनंतर भावाचे घर सांभाळण्यासाठी तिने तो बंद केला, आणि त्यानंतरची तिची कथा इतिहासाच्या पुस्तकांत आहे. आमच्या प्रस्तुत विषयापुरते एवढेच, की सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक अविवाहित तरुणी हातात दातांची हत्यारे घेऊन मुंबईच्या भर वस्तीत दवाखाना थाटून बसली. मुंबईत दंतवैद्यकाचे महाविद्यालय निघाले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १९३३ साली, नायर रुग्णालयाच्या आश्रयाने. आज पुण्यातच अशी एकाहून अधिक महाविद्यालये आहेत, आणि त्यांच्या वर्गांत मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी असते.

विद्या उभी राहिली. पण तिला प्रतिष्ठा यावयाची तर कोणीही उठून दंतवैद्य म्हणवू नये, यासाठी कायदा हवा. बंगालमध्ये १९३९ साली तसा कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली सर्व देशासाठी दंतवैद्य अधिनियम संमत झाला. या दोहोंमागे ज्यांची खटपट होती त्यांत डॉ. अहमद अग्रगण्य होते. १९४८ च्या कायद्यातील एक तरतूद आम्हांस फार शहाणपणाची वाटते. नोंदवहीचे दोन भाग केले. पहिल्या भागात मान्य पदवीधर. आणि दुसऱ्या भागात असे लोक, की ज्यांच्यापाशी पदवी नाही, परंतु ठराविक वर्षे ज्यांनी याच धंद्यावर आपला चरितार्थ चालविला आहे. म्हणजे नव्या विद्येने जुन्या कारागिरास एकदम रस्त्यावर लोटले नाही. त्याची नोंद केली, त्याचा हात चालू ठेवला, आणि पुढील पिढीसाठी दार पदवीचेच ठेवले. ज्या कायद्यात न्याय आणि दया यांची सांगड असते तो टिकतो. हा कायदा तर पाऊणशे वर्षे या व्यवसायाचा आधार झाला. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने राष्ट्रीय दंतवैद्यक आयोगाचा नवा कायदा केला तो २०२३ साली.

आता या चरित्रातील ज्या घटनेने आम्हांस विशेष विचारात पाडले ती सांगतो. १९४७ साली फाळणी झाली. डॉ. अहमद यांचे जन्मगाव सीमेपलीकडे गेले. ते मात्र आपले विद्यालय जेथे होते तेथेच राहिले. आणि १९४९ साली, एकोणतीस वर्षे स्वतःच्या मिळकतीवर चालविलेले ते महाविद्यालय व रुग्णालय त्यांनी पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. माणूस घर बांधतो ते मुलास द्यावयास, दुकान काढतो ते पुतण्यास द्यावयास. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आपणांस वाटणीचे दुःख ठाऊक आहे. भिंतीच्या एका हातासाठी भावाभावांनी बोलणे टाकलेले आपण पाहिले आहे. ज्या काळात सारा देश ‘हे माझे, हे तुझे’ या वाटणीने रक्तबंबाळ झाला होता, त्याच काळात या माणसाने आपल्या आयुष्याची मिळकत ‘हे सर्वांचे’ म्हणून देऊन टाकली. विद्येचे दान श्रेष्ठ असे आपण नित्य म्हणतो. विद्यालयाचे दान करणारे विरळा.

पुढे १९५० पासून १९६२ पर्यंत ते पश्चिम बंगालच्या मंत्रिमंडळात होते. शेतीसारखी खाती त्यांनी सांभाळली. दंतवैद्याने शेती सांभाळावी यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. एकाने पीक काढावे व दुसऱ्याने ते चावण्यास दात राखावेत, दोन्ही अन्नाचीच सेवा. १९६४ साली त्यांस पद्मभूषण ही पदवी मिळाली आणि पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावरील ते महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने चालते.

राहता राहिला काकांचा आक्षेप, ‘उष्ट्या तोंडांत हात’. याचे उत्तर आम्ही शास्त्र शिकविणाऱ्यांनीच द्यावयास हवे. वर्णांची उच्चारस्थाने आम्ही मुलांकडून घोकून घेतो. त-वर्ग, लकार, सकार हे सारे दंत्य. पुढचे दात पडले की भल्या भल्या वैदिकांचा सकार घसरतो आणि सूक्ताचे सोवळे सुटते. ज्या मुखातून मंत्र निघतो, बाळाचा पहिला शब्द निघतो, ते मुख धरून ठेवणाऱ्या या मोत्यांची डागडुजी करणारा हात उष्टा कसा होईल? तोंड उष्टे होते ते खाण्याने. काकांच्या त्या वाक्यासारख्या बोलण्याने ते अधिक उष्टे होते, असे म्हटले तर ते रागावणार नाहीत अशी आशा आहे. आणि दोष एकट्या काकांचा नाही. जन्मभर वर्गात आम्हीही विद्यांची उतरंड लावीत आलो. डोक्याची वर, हाताची खाली. ज्या मुलाचे गणित कच्चे त्यास ‘जा, हातकाम शीक’ असे सांगताना त्यात काही अपमान आहे, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

घरोघरच्या मातापित्यांसाठी जाता जाता एक उपयुक्त गोष्ट. डॉ. अहमद जन्मले त्याच १८९० साली मिलर या शास्त्रज्ञाने मुखातील सूक्ष्मजंतूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दातात कीड म्हणून कोणी अळी नसते. तोंडातील जंतू साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते, हे त्याने दाखविले. दाताचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. पण तो एकदा गेला की पुन्हा येत नाही. यावरून व्यवहारी नियम असा निघतो, की गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला महत्त्व अधिक. जेवणात श्रीखंड खुशाल वाढावे. दिवसभर मुलांच्या हाती गोळ्या-चॉकलेटे देऊ नयेत. आणि सकाळप्रमाणेच रात्री निजण्यापूर्वीही दात घासावेत. कारण झोपेत लाळ कमी सुटते, आणि दातांची नैसर्गिक राखण करणारी लाळच आहे. दुधाचे दात पडणारच, म्हणून त्यांची हयगय करणेही चूक. ते अकाली गेले तर मागून येणाऱ्या दातांची वाट चुकते.

गेल्या आठवड्यात त्या स्नेह्यांच्या घरी पुन्हा जाणे झाले. मुलीने हट्टाने प्रवेश घेतला होता. चार वर्षांचा अभ्यास व पुढे वर्षभराची उमेदवारी, त्यांतील पहिले वर्ष चालू आहे. तिने आतून एक डबी आणून उघडली. तीत मेणात कोरलेली एक दाढ होती. उंचवटे, खाचा, खाली फाकलेली मुळे, सारे जसेच्या तसे. धाकट्या काकांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ निरखली आणि न बोलता स्वतःच्या डाव्या गालावरून हात फिरविला. मग ती आजींच्या हाती गेली. आजींनी तिच्यावरून बोट फिरविले व म्हणाल्या, ‘‘हिची पहिली कवळी मी लावणार. आत्ताची तोवर पुरवीन.’’

उशिरा का होईना, गेल्या वर्षी न बोललेले आम्ही तिला सांगितले, डॉ. अहमदांची कथाही सांगितली. सोड्याच्या दुकानाचा भाग ऐकून ती खळखळून हसली. आम्ही नेलेले पेढे तिने सर्वांस वाटले, आम्हांसही एक दिला, आणि पाण्याचे भांडे पुढे करीत म्हणाली, ‘‘आजोबा, खाऊन झाल्यावर चूळ मात्र भरा हं.’’ आम्ही निमूटपणे उठून मोरीकडे गेलो.